धरणातलं गलबत

मला बोट लागते. तांडेलाच्या पोटी जन्माला येऊन असं म्हणणं म्हणजे हलवायाच्या पोराने गोड खाल्लं की उलटी होते म्हणण्यासारखं आहे, पण आहे ते आहे. बंदरातून गलबत हललं की माझं डोकं गरगरायचं आणि बाबा सुकाणूपाशी उभे राहून, माझ्याकडे न बघता, समोर बघत राहायचे. पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो. समुद्रापासून लांब जावं म्हणून घाटावर नोकरी धरली, ती मिळाली मुळशीत, आणि तिथेही दारात पाणी. धरणाचं पाणी, खारं नाही, भरती-ओहोटी नाही, तरी पाणीच.

त्या पाण्याच्या तळाशी आज मी बांधलेलं एक गलबत आहे. ते बुडालं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बाबाही गेले. वय झालं होतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला? मी तिथे होतो, म्हणून लिहून ठेवतो.

बाबांचं उजवं अंग गेलं तेव्हा ते गावीच होते. निरोप आला, मी गेलो आणि त्यांना घेऊन आलो. एस.टी.ने पुण्याला, पुण्याहून पौडापर्यंत दुसऱ्या गाडीने, आणि तिथून पुढे आमच्या शेजाऱ्याच्या बैलगाडीत. हा शेजारी म्हणजे ज्याच्या घराच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो तो शेतकरी. मी त्याला दादा म्हणायचो. त्याची जुनी जमीन, जुनं घर, सगळं धरणात गेलेलं. उरलं ते वरच्या अंगाला चार खाचरं आणि एक बैलजोडी. त्या जोडीवर त्याचा जीव. बाबांना गाडीत घालताना त्याने गवताचा बिछाना केला होता, आणि वाटेत खडक आला की तो बैलांशी बोलायचा, "दमानं रं, आजारी मानूस हाय."

बाबांची वाचा गेली होती. म्हणजे अगदी सगळी नाही. एक शिवी तेवढी उरली होती. खलाशांना दोर ओढायला लावताना ते जी द्यायचे ती. इथे लिहिण्यासारखी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, सगळे शब्द जातात आणि असला एखादा चिकटून राहतो. चहा हवा असला तरी तीच शिवी, चहा चांगला झाला तरी तीच. माझ्या बायकोचे पहिले काही दिवस फार वाईट गेले. नंतर तिला आवाजावरून सगळं कळायला लागलं, माझ्याही आधी. शेजारच्या बायका मात्र पदर तोंडाला लावून पळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी निमित्त काढून ऐकायला यायच्या.

पण ही शिवीसुद्धा हळूहळू बंद झाली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. खाटेवर डाव्या कुशीवर वळायचे आणि मातीच्या भिंतीकडे बघत पडायचे. भरवलं तर खायचे, नाही भरवलं तर मागायचे नाहीत. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, गावाकडच्या गोष्टी काढल्या, खाट उचलून ओटीवर नेली, जिथून पाणी दिसतं. पाण्याकडेही त्यांनी पाठच केली. माणूस असा डोळ्यांदेखत सुटत चाललेला असतो आणि आपण त्याची उशी नीट करत बसतो. दुसरं काय येत होतं मला?

गलबताची कल्पना माझी. एका रविवारी मी पांगाऱ्याचा एक ठोकळा घेतला, चाकूने आणि शाळेतल्या कानशीने त्याला बाहेरून गलबताचा आकार दिला, मधोमध काडी रोवली, तिला धोतराचा तुकडा बांधला. दुकानात मिळतं त्यापेक्षा बरं झालं होतं. ते त्यांच्या उशाशी ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग डावा हात आला, ते उचललं, उलटं केलं, तळ बघितला आणि खाटेखाली टाकून दिलं. आणि शिवी दिली. किती महिन्यांनी! माझी बायको आतून धावत आली.

त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला आठवडा लागला. ठोकळा म्हणजे गलबत नव्हे. गलबत कोरत नाहीत, बांधतात. आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा. मग पुढे नाळ, म्हणजे तोंडाचं वर चढणारं लाकूड, मग दोन्ही बाजूंनी बरगड्यांसारखे वाक, आणि मग त्या वाकांवर एकेक फळी वाकवून ठोकायची. मी त्यांच्यासमोर एक लांब पट्टी धरली तेव्हा त्यांनी तिच्या टोकाला बोटाने चढ दाखवला. कळलं. दुसऱ्या रविवारपासून मी खरं गलबत बांधायला बसलो.

माप कसलं घ्यायचं हा प्रश्न होता. कागदावर काहीच नव्हतं. त्यांचं गलबत, ज्यातून त्यांनी आयुष्यभर कौलं, मीठ आणि नारळ मुंबईला नेले, ते केव्हाच मोडीत निघालेलं. पण ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. किती हात लांब, किती हात रुंद, डोलकाठी किती हात, हे ते डाव्या हाताची मूठ उघडमीट करून सांगायचे. चोवीस अंगुळांचा हात होतो, म्हणून मी ठरवलं की तिकडचा एक हात म्हणजे इकडचं एक आडवं बोट. कुणाचं बोट? बाबांचंच. त्यांचा उजवा हात गोधडीवर पडलेला असायचा, निर्जीव. मी पट्टी त्या हाताखाली सरकवायचो, बोटं एकमेकांना चिकटवून मांडायचो आणि पेन्सिलीने खुणा करायचो. मापाला इतका स्थिर हात कुठे मिळायचा नाही. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. बाबा मात्र आपल्या त्या हाताकडे टक लावून बघत होते, जणू इतक्या दिवसांनी त्याला काम लागलं होतं.

लाकूड शिवणीचं. दादाने रानातून आणून दिलं. "हलकं हाय अन् फुटत न्हाई, ढोलकं करत्यात त्याचं," म्हणाला. हत्यारं शाळेतली. मूलोद्योगाच्या नावाखाली एक पेटी आली होती, तिच्यात करवत, पटाशी आणि छोटा रंधा होता. फळ्या मी कागदाच्या पुठ्ठ्याएवढ्या पातळ करायचो, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून वाकवायचो, आणि खिळ्यांऐवजी बांबूच्या कामट्यांच्या मेखा ठोकायचो. एका फळीला एक रविवार. कधी ती शेवटच्या मेखेला तडकायची, मग तो रविवार पाण्यात. माझी बायको म्हणायची, "भाताचं पातेलं सोडून दुसरं कुठलंही घ्या." दुसरं नव्हतंच.

चुकलं की बाबा तळहात पालथा करून खाली दाबायचे. बरोबर असलं की शिवी. असं ते चाललं, दोन वर्षं आणि वर काही. ह्या काळात ते भिंतीकडे वळले नाहीत. सकाळी उठून बसायचे, डाव्या हाताने भाकरी खायचे, मी शाळेतून यायची वाट बघायचे. दादा संध्याकाळी गोठ्यातलं काम आटपून यायचा, तंबाखू मळत खाटेच्या पायथ्याशी बसायचा. एक बोलू न शकणारा, दुसरा समुद्र न बघितलेला. तरी दोघांचं जमायचं. गलबताच्या पोटात बोट घालून दादा म्हणायचा, "तांडेलबाबा, ह्याच्यात भात किती पोतं मावंल?" आणि बाबा मूठ उघडमीट करायला लागायचे.

बाबांना एकच गोष्ट हवी होती. ते पाण्यावर जाताना बघायचं. शीड फुगलेलं, एका अंगाला किंचित कललेलं, काठापासून लांब जाताना. मी त्यांना तसं कबूल केलं होतं. धरणाच्या काठाला एक सुतळी बांधून सोडायचं, थोडं लांब गेलं की ओढून परत आणायचं, असं आमचं ठरलं होतं. जवळजवळ दोन हात लांब झालेल्या गलबताला राळ आणि तेल लावून झालं होतं. शिडाला मांजरपाट बायकोने शिवून दिलं होतं. मे महिन्याची सुट्टी लागली होती. पुढचा रविवार, मी म्हणालो.

त्याच आठवड्यात गावात बुळकांडी शिरली.

ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. गुरांच्या तोंडाला फोड येतात, डोळ्यांतून पाणी, ढाळ लागतात, आणि जनावर उभ्याउभ्या वाळतं. पौडाहून ढोरांचा डॉक्टर आला, धट्ट्याकट्ट्यांना टोचून गेला, लागलेल्यांना काही करता येणार नाही म्हणाला. ते खरंच होतं. पेरणी तोंडावर. दादाचा उजवीकडचा बैल तिसऱ्या दिवशी पडला. दादा त्याच्याशेजारी गोठ्यातच बसून होता, आणि मी दारात उभा होतो. डावीकडचा उभा होता, पण त्याच्या तोंडाला फेस दिसायला लागला होता.

अशी साथ आली की देवीचा गाडा काढायची रीत होती. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं, दहीभात ठेवायचा, सगळ्या गुरांवरून ओवाळायचं आणि तो गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. साथ त्याच्याबरोबर जाते. एकदा हळद लागली की त्याला हात लावायचा नाही, आणि तो मागे फिरता कामा नये. आता अडचण अशी होती की ह्या गावाची शीव पाण्याखाली गेली होती. धरण भरल्यापासून ते केळीच्या खुंटांचा तराफा करून त्यावर देवी पाण्यात सोडायचे. मागच्या खेपेला तराफा काठाजवळच सुटा झाला होता आणि पुष्कळ गुरं गेली होती. गावची नाव होती, पण देवी बसलेल्या नावेत पुन्हा माणूस बसत नाही, आणि नाव गेली तर बाजाराला जायचं कशातून?

तेव्हा ते आमच्याकडे आले. चार-पाच जण, सोबत गावचा भगत, आणि मागे दादा. ओटीवर बसले. पाणी दिलं, ते कुणी प्यायलं नाही. भगतच म्हणाला, "गुर्जी, तुमचं गलबत पायजे. देवी पल्याड न्हेयाला."

मी म्हणालो, "ते बाबांचं आहे."

"व्हय, म्हाईत हाय."

"पल्याड पण माणसं राहतात."

"चार कातकऱ्यांची खोपटी हायेत. त्यास्नी गुरं कुटं हायेत?" तो अगदी सरळपणे म्हणाला. त्याने ह्याचा विचार केला होता, माझ्या आधी.

मी दादाकडे बघितलं. तो खाली बघत होता. त्याने मागितलं असतं तर मी चिडलो असतो, आणि तो मागत नव्हता म्हणून मला जास्त राग आला. मला त्यांचं काही पटत नव्हतं. रोग देवीने येत नाही आणि गलबताने जात नाही, हे मी चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. पण हे त्या ओटीवर बसून, ज्याचा बैल काल ओढून नेला त्याच्या तोंडावर, कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर काय फरक पडला असता? त्यांना माझी परवानगी हवी होती, माझं मत नको होतं.

आतून बाबांची शिवी ऐकू आली. मी आत गेलो. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गलबत त्यांच्या उशाशी, खिडकीत उभं होतं. मी म्हणालो, "बाबा, नाही म्हणून सांगतो." त्यांनी तळहात पालथा केला आणि खाली दाबला. चूक. मग डावा हात गलबताखाली घातला आणि ते माझ्याकडे ढकललं. एवढंच. मी ते बाहेर नेलं आणि भगतापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळा गाव काठाला जमला. मे महिन्यात पाणी खूप आत गेलेलं असतं. भेगा पडलेला चिखल, त्यात जुन्या झाडांचे खुंट, आणि खडकाळ तुकडे. आमचा काठ तिथे पूर्वेच्या अंगाला कोयत्यासारखा पाण्यात वळला आहे. बाबांनी यायचं ठरवलं होतं, म्हणजे माझं धोतर ओढून ओढून सांगितलं होतं. दादाने आणि मी त्यांची खाट उचलून काठाच्या वळणावर, पाण्याजवळ ठेवली. निदान ते पाण्यावर जाताना दिसेल, मी मनाशी म्हणालो. कबूल केलं होतं ते अशा तऱ्हेने का होईना पुरं होईल. एवढ्यावर मी त्या दिवशी उभा होतो.

वारा बरोबर होता. पश्चिमेचा, घाटाकडून येणारा, दुपारनंतर रोज येतो तसा. शीड मी सकाळीच बांधून दिलं होतं, सुकाणू बाबांच्या सांगण्यावरून सुतळीने एका जागी पक्कं केलं होतं. हा वारा बगलेत घेऊन ते आडवं, तडक समोरच्या काठाला गेलं असतं. मला बोट लागत असली तरी एवढं मला कळतं.

मग त्यांनी भार भरला.

भगताने देवी मांडली, हळद लावली, आणि बाया एकेक करून आणलेलं, लाकडाला हात न लावता, वरून ठेवू लागल्या. नारळ, दहीभाताचे मुटके, लिंबं, बांगड्यांचे जुडगे. आणि हे सगळं पुढे, नाळेपाशी. मी बघत होतो आणि माझ्या लक्षात यायला वेळ लागला. गलबताचं तोंड खाली दबत चाललं होतं आणि मागचं सुकाणू पाण्यातून वर येत होतं. बाबांना ते आधीच दिसलं होतं. ते खाटेवर अर्धे उठले आणि ओरडायला लागले. शिवी, पुन्हा शिवी, पुन्हा शिवी. डावा हात मागे, मागे, मागे.

लोकांना वाटलं, म्हातारा गलबतासाठी जीव काढतोय. एका बाईने डोळे पुसले.

मी पुढे झालो. "भार मागं घ्या. मागं घ्या सगळं."

"अवो गुर्जी, मग उलाळ न्हाई का व्हायाचं?" एक जण म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. जन्मभर त्यांनी बैलगाड्या भरल्या होत्या. गाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, गळफास बसतो. म्हणून भार पुढे घालायचा. हे त्यांच्या हातांना इतकं ठाऊक होतं की त्याचा विचार कुणी करत नव्हतं. मी म्हणालो, "ही गाडी नाही, ह्याला पुढे बैल नाहीत." तोवर उशीर झाला होता. मी हात पुढे केला आणि भगताने माझं मनगट धरलं.

"हळद लागली गुर्जी. आता हात न्हाई."

"मग तुम्ही लावा."

"मला बी न्हाई."

हळद लागलेल्या वस्तूला कुणाचाच हात लागायचा नव्हता. काठच्या उथळ पाण्यात त्यांनी ते केळीच्या सोपटांच्या झोळीत सैल धरलं होतं, ती सोपटं ओढून त्यांनी गलबत मोकळं सोडलं. मी बाबांकडे बघितलं नाही.

सुरुवातीला ते गेलं. शीड फुगलं, ते एका अंगाला कललं, आणि ढोल-ताशाच्या आवाजात ते काठापासून सुटलं. मी वळून बघितलं. बाबांचा हात खाली आला होता, तोंड उघडं होतं. माझी बायको खाटेला धरून उभी होती. मी देवाबिवाला कधी फार विनवत नाही, पण तेव्हा म्हणालो, जाऊ दे, असंच जाऊ दे.

सुकाणू पाण्यात नव्हतं. पुढे भार आणि बगलेला वारा. गलबताने हळूहळू तोंड फिरवलं, वाऱ्याच्या समोर गेलं, शीड फडफडलं आणि गेलेली गती सगळी संपली. मग ते मागेमागे, कुल्ल्यावर सरकणाऱ्या पोरासारखं, वाऱ्याबरोबर वाहायला लागलं. आमच्याच वळलेल्या काठाकडे. वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं, "फिरली. देवी माघारी फिरली." आणि बाया पोरं उचलून वर पळाल्या.

ते बरोबर आमच्याच रोखाने येत होतं, वळणावर, जिथे बाबांची खाट होती. एकाने बांबू उचलला, भगत त्याच्यावर ओरडला. बांबू हातात असला म्हणजे हातच लागला. "धोंडं मारा," तो म्हणाला. "सुटल्याला धोंडा हाताचा न्हाई. बुडवा तितंच. काठाला लागता कामा न्हाई."

कुणी पुढे होईना. सगळे दादाकडे बघत होते. आमच्या घराशी त्याचंच नातं होतं, आणि बैलही त्याचाच पडला होता. तो खाटेपाशी आला. बाबांकडे बघून हात जोडले. "तांडेलबाबा, माफ करा," म्हणाला, "दुसरा बैल वाचला तर वाचला." मग गोफण काढली. रानडुकरांवर, पाखरांवर ज्यांनी गोफण चालवली आहे त्यांचा नेम चुकत नाही. पहिला दगड शिडातून आरपार गेला. दुसऱ्या दगडाने डोलकाठी आडवी झाली. मग बाकीचेही मारायला लागले. शिवणीच्या लाकडावर दगड बसला की मोठा, पोकळ आवाज येतो. ढोलकीचंच लाकूड ते.

ते बुडेना. इतकं घट्ट बांधलं होतं आम्ही. फळी फुटायची, आत पाणी शिरायचं, पण पोट वरच राहायचं, आणि वारा त्याला आणखी जवळ ढकलायचा. मी नुसता उभा होतो. दगड मारणाऱ्यांना थांबवू शकत नव्हतो, त्यांना सामील होऊ शकत नव्हतो, आणि तिथून जाऊही शकत नव्हतो.

माझं धोतर कुणीतरी ओढलं. बाबा. मला वाटलं, ते थांबव म्हणतायत. मी हात वर करून ओरडलो, "थांबा, अहो थांबा!" बाबांनी पुन्हा ओढलं, जोरात, आणि तळहात पालथा करून दाबला. तसं नाही. मग खाटेखालच्या दगडांकडे बोट केलं आणि तळहात माझ्यासमोर उघडा धरला.

मला कळलं होतं. तरी मी न कळल्यासारखं केलं. तेव्हा ते स्वतः वाकले, खाटेवरून पडता पडता वाचले, मुठीत मावेल एवढा एक दगड उचलला आणि डाव्या हाताने गलबतावर फेकला. तो खाटेच्या पायापाशीच चिखलात पडला.

काठावरचे सगळे हात थांबले. दादाची गोफण खाली लोंबत राहिली. गलबत आता इतकं जवळ आलं होतं की देवीच्या अंगावरची हळद दिसत होती, आणि ते काठाला लागलं तर काय होणार हे त्या गावातल्या कुणाही माणसाइतकंच बाबांना कळत होतं. ते शिवी देत नव्हते. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात पुन्हा माझ्यासमोर उघडा होता.

मी खाली बसलो आणि त्यांना फेकता येईल असा, आणखी लहान, दगड शोधू लागलो.